लहान मुलांच्या खुब्याचा पर्थेस आजार: नुकतेच निदान झालेल्या मुलांच्या पालकांसाठी

माझ्या मुलाला सहाव्या वर्षी पर्थेस हा खुब्याचा आजार असल्याचे निदान झाले. आज तो अकरा वर्षांचा आहे, पळतो, सायकल चालवतो आणि त्याच्या चालीत काही वेगळे आहे हे अनोळखी माणसाच्या लक्षातही येत नाही. निदानाच्या दिवशी मात्र आमच्या हातात एक एक्स-रे होता आणि कानावर एक कधीही न ऐकलेले नाव पडले होते, त्यापलीकडे काही नव्हते. आज कुणीतरी पालक त्याच जागी उभे असतील, म्हणून या पाच वर्षांत आम्हाला जे समजले ते सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. उपचाराचा निर्णय मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांबरोबरच घ्यावा. ते जे सांगतात ते समजायला या लेखनाची मदत व्हावी, इतकीच इच्छा आहे.

आमच्याकडे सुरुवात अगदी नकळत झाली. संध्याकाळी खेळून परत येताना तो डावा पाय किंचित ओढत असे आणि सकाळी झोपून उठला की चाल पुन्हा सरळ झालेली असे. दुखते का असे विचारले तर नाही म्हणे, फार तर गुडघ्यावर हात ठेवी. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढला गेला. त्यात काही निघाले नाही आणि वाढीच्या वयातले दुखणे म्हणून दोन महिने तसेच गेले. एके दिवशी आंघोळ घालताना दोन्ही मांड्यांना साबण लावत असताना डावी मांडी माझ्या हाताला बारीक लागली. शिवणाची टेप आणून मोजले तर घेर दीड सेंटिमीटरने कमी भरला. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली: मांडी घालून बसल्यावर त्याचा उजवा गुडघा जमिनीकडे झुकत असे, डावा मात्र वरच राहत असे. ही गोष्ट कित्येक आठवडे डोळ्यांसमोर असूनही आम्हाला दिसली नव्हती, याचे आजही वाईट वाटते. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला उताणे झोपवून पाय बाजूला नेऊन पाहिला, मग गुडघा दुमडून पाय आतल्या बाजूला वळवून पाहिला, आणि गुडघ्याकडे न पाहता खुब्याचे दोन एक्स-रे सांगितले. एक सरळ पाठीवर झोपून आणि दुसरा बेडकासारखे पाय फाकवून.

खुबा बिघडलेला असताना मूल गुडघा का दाखवते, याचे कारण साधे आहे. खुबा आणि गुडघा या दोन्हींकडून संवेदना वाहून नेणाऱ्या नसांपैकी काही सामाईक असतात, त्यामुळे दुखणे नेमके कुठून येते हे मेंदूला सांगता येत नाही. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा तपासून निर्दोष आढळला, तर खुबा तपासून घेण्याचा आग्रह पालकांनी नम्रपणे पण जरूर धरावा.

आता आजाराविषयी. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील उखळीत फिरते. लहान मुलांमध्ये या गोलाच्या खाली कूर्चेची एक चकती असते, जिथून हाड लांबीने वाढते. ही चकती वाढीसाठी आवश्यक असली तरी तिच्यातून खालच्या रक्तवाहिन्या वर जाऊ शकत नाहीत. परिणामी, साधारण चार ते आठ या वयात त्या गोलाला मिळणारे जवळजवळ सगळे रक्त हाडाच्या मानेच्या बाहेरून चढणाऱ्या काही बारीक वाहिन्यांवर अवलंबून असते. पर्थेसमध्ये हा पुरवठा तुटतो आणि गोलातील हाडाच्या पेशी मरतात. पुरवठा का तुटतो, हे शंभरहून अधिक वर्षे शोधूनही वैद्यकशास्त्राला निश्चित सापडलेले नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कळल्यावरच आमची भीती आटोक्यात आली. मेलेले हाड लगेच चेपत नाही. ते कठीणच असते आणि आपला आकार बराच काळ टिकवून धरते. काही महिन्यांनी शरीर दुरुस्तीला लागते, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि जुने मृत हाड खरवडून काढण्याचे काम सुरू होते. हे काढण्याचे काम वेगाने होते, नवे हाड भरण्याचे काम मात्र सावकाश चालते. दोन्हींच्या मधल्या काळात गोलाची अवस्था चाकावरच्या ओल्या मातीसारखी असते. म्हणजे खुबा सर्वाधिक नाजूक होतो तो बरा होण्याच्या वाटेवर असताना. या काळात गोलावर भार कसा पडतो आणि तो उखळीच्या आत किती राहतो, यावर त्याचा पुढचा आकार ठरतो. हाड परत येतेच. ते गोल येते की चपटे, यासाठीच सगळे उपचार असतात.

या प्रवासाचे चार टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात एक्स-रेमध्ये गोल थोडा लहान आणि नेहमीपेक्षा जास्त पांढरा दिसतो. अगदी सुरुवातीला तर एक्स-रे पूर्ण निर्दोषही असू शकतो, आणि शंका असल्यास एमआरआयमध्ये बदल आधी दिसतात. दुसऱ्या टप्प्यात गोलाचे तुकडे झाल्यासारखे दिसते. हा टप्पा सुमारे वर्षभराचा असतो. तिसऱ्या टप्प्यात नवे हाड भरू लागते आणि त्याला दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. चौथा टप्पा म्हणजे हाड भरून झालेले असते आणि वाढ पूर्ण होईपर्यंत आकारात थोडाफार बदल होत राहतो. एकूण हिशेब दोन ते पाच वर्षांचा आहे.

आमचा दुसरा एक्स-रे पहिल्यापेक्षा फार वाईट दिसत होता. खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा जिथे निदान एक गोल दिसत होता, तिथे आता चुरा पडल्यासारखे तीन-चार तुकडे दिसत होते. आम्ही दोघेही हादरलो आणि चार महिने पाळलेली पथ्ये वाया गेली अशी खात्रीच झाली. डॉक्टरांनी तोच एक्स-रे हातात घेऊन सांगितले की शरीराने मृत हाड काढायला घेतले आहे आणि आजार अपेक्षित क्रमानेच पुढे सरकतो आहे. ज्यांचा दुसरा एक्स-रे अजून व्हायचा आहे, त्यांनी हे वाक्य आधीच वाचून ठेवावे, यासाठीच खरे तर मी हे लिहायला बसले.

नावाचा इतिहास थोडक्यात सांगते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागेपर्यंत मुलांचे खुब्याचे बहुतेक दीर्घ दुखणे क्षयाच्या खाती जमा होत असे. १९०९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रोम यांनी या आजाराचे वर्णन केले, पण तेही त्याला क्षयाचाच सौम्य प्रकार समजले. १९१० मध्ये अमेरिकेचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस या तिघांनी स्वतंत्रपणे हा वेगळा आजार असल्याचे मांडले, म्हणून पूर्ण नाव लेग-काल्व्हे-पर्थेस असे आहे. त्यानंतर कित्येक दशके या मुलांना वर्ष-दोन वर्षे अंथरुणावर झोपवून ठेवत असत. घरापासून दूर, रुग्णालयातल्या खाटेवर ज्यांचे बालपण असे सरले, त्या मुलांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

उपचाराची दिशा ठरवताना दोन गोष्टी सर्वाधिक पाहिल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे आजार सुरू झाला तेव्हाचे वय. सहा वर्षांच्या आतल्या मुलांचे बहुधा चांगले होते, कारण गोलाला पुन्हा आकार घ्यायला वाढीची पुष्कळ वर्षे शिल्लक असतात. आठच्या पुढे सुरू झाल्यास अधिक काळजी घ्यावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे गोलाचा बाहेरच्या बाजूचा भाग, ज्याला डॉक्टर बाहेरचा खांब म्हणतात. तो पूर्ण उंच असेल तर अ गट, निम्म्याहून अधिक उंची टिकली असेल तर ब गट आणि निम्म्याहून कमी उरली असेल तर क गट, अशी हेरिंग यांनी १९९२ मध्ये मांडलेली वर्गवारी आज बहुतेक ठिकाणी वापरली जाते. गट बहुधा तुकड्यांच्या टप्प्यातच नीट कळतो, म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टर ठाम उत्तर देत नाहीत तेव्हा ती टाळाटाळ समजू नये.

माझा मुलगा ब गटात होता आणि शस्त्रक्रिया लागली नाही. उड्या मारणे, पळणे आणि उंचावरून उतरणे बंद केले, पोहणे आणि सायकल चालू ठेवली, पाय बाजूला नेण्याचे व्यायाम रोज दोन वेळा केले. मधे एकदा खुबा आखडला तेव्हा आठवडाभर पायाला ओढ लावून झोपवावे लागले. सगळ्यांचे असेच होईल असे मुळीच नाही. आपापले अनुभव आणि प्रश्न इथे जरूर लिहावेत.

प्रतिसाद १

आपले लेखन दोनदा वाचले. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला तीन आठवड्यांपूर्वी हे निदान झाले. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लवकर करावी असे सांगितले आणि दुसऱ्यांनी थोडे थांबून पाहू असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांचेही म्हणणे ऐकताना पटते. घरातील ज्येष्ठ मंडळी म्हणतात की हाड आपोआप भरणारच असेल तर मुलीच्या पायाला चाकू का लावायचा. मला रात्री झोप लागत नाही. ही शस्त्रक्रिया नेमकी कशासाठी असते, हे कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद २

मी बालअस्थिरोग विभागात काम केलेला डॉक्टर आहे. मुलीला न तपासता निर्णय सांगता येणार नाही, पण विचार कसा केला जातो ते सांगतो.

शस्त्रक्रियेमुळे हाड लवकर भरत नाही. तिचा उद्देश, मऊ झालेला गोल उखळीच्या आत राहावा आणि उखळीनेच साच्यासारखे काम करून त्याला गोल ठेवावे, हा असतो. हा गोल बाहेरच्या बाजूला सरकू लागला की उखळीची कड त्याच्यावर रुतते आणि तो चपटा होतो. ते टाळण्यासाठी मांडीचे हाड गोलाच्या खाली कापून त्याचा कोन बदलतात आणि प्लेट व स्क्रूने ते त्या जागी धरून ठेवतात. किंवा उखळीच्या वरचे कमरेचे हाड कापून उखळ गोलावर अधिक झुकवतात. मोठ्या मुलांत कधी कधी उखळीची कड हाडाचा तुकडा लावून पुढे वाढवतात.

वेळ महत्त्वाची आहे. मणिपाल येथील बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा वर्षांखालील ६१० मुलांच्या आजाराचा क्रम अभ्यासून २००३ मध्ये जे मांडले, त्यानुसार गोल बाहेर सरकण्याचा आणि चेपण्याचा मोठा धोका तुकड्यांच्या टप्प्याच्या उत्तरार्धात असतो. म्हणून गोल आत ठेवण्याची शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर ती त्याआधी केलेली बरी. गोल चपटा होऊन गेल्यावर तीच शस्त्रक्रिया करून तेवढा लाभ होत नाही. उत्तर अमेरिकेतील २००४ च्या मोठ्या अभ्यासात आठ वर्षांनंतर आजार सुरू झालेल्या आणि ब गटात किंवा ब-क यांच्या सीमेवर असलेल्या मुलांना शस्त्रक्रियेचा फायदा दिसला, तर आठच्या आतील ब गटाची मुले दोन्ही प्रकारे चांगली राहिली. नॉर्वेतील २००८ च्या अभ्यासात सहा वर्षांवरील आणि निम्म्याहून अधिक गोल बाधित असलेल्या मुलांना मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेने व्यायाम किंवा पाय फाकवून ठेवणारा पट्टा यांपेक्षा चांगला परिणाम मिळाला.

ताई, आपली मुलगी नऊ वर्षांची आहे. मुलींची हाडे मुलांपेक्षा लवकर पक्व होतात, म्हणजे आकार सुधारायला तिच्याकडे त्याच वयाच्या मुलापेक्षा कमी वेळ आहे. थांबून पाहू म्हणणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: आजार आत्ता कोणत्या टप्प्यात आहे, गोल उखळीच्या बाहेर सरकतो आहे का, आणि थांबायचे तर किती आठवडे आणि काय दिसेपर्यंत. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेमके मिळाले, तर थांबण्यालाही अर्थ असतो.

प्रतिसाद ३

माझ्या मुलालाही हाच आजार आहे. त्याला लहानपणी दूध फार आवडत नसे. आमच्या आहारातल्या चुकीमुळे, कॅल्शियम कमी पडल्यामुळे हे झाले असेल का? धाकट्या बहिणीलाही होण्याची शक्यता आहे का?

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

दादा, हाच प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारला होता. हा कॅल्शियमच्या कमतरतेचा आजार नाही. रक्त न पोहोचलेल्या भागात कॅल्शियम कितीही दिले तरी ते पोहोचवणार कोण? एखादी पडझड, एखादी लस, एखादे खेळणे, असे कोणतेही एक कारण नसते. मुलांमध्ये हा आजार मुलींच्या चार ते पाच पट आढळतो. जन्मतः वजन कमी असणे, हाडांचे वय प्रत्यक्ष वयापेक्षा मागे असणे, घरात धूम्रपान असणे यांच्याशी काही संबंध दिसला आहे, पण संबंध दिसणे म्हणजे कारण ठरणे नव्हे. आनुवंशिकता फार थोड्या कुटुंबांत सापडते, त्यामुळे धाकट्या बहिणीला सहसा धोका नसतो. दहापैकी एखाद्या मुलाचा दुसरा खुबाही पुढे बाधित होतो, म्हणून डॉक्टर दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढतात. आपल्या मुलाला आपण कमी काही दिलेले नाही.

प्रतिसाद ५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पालक ज्या दोन चुका चांगल्या हेतूने करतात, त्यांविषयी लिहिते.

पहिली चूक म्हणजे जोराने ताणणे. पर्थेसमध्ये पाय बाजूला नेणे आणि आत वळवणे या दोन हालचाली आधी कमी होतात, आणि त्या टिकवणे हाच व्यायामाचा गाभा आहे, कारण पाय बाजूला गेला तरच गोल उखळीत खोल बसतो. ही हालचाल कमी होण्याचे कारण बहुतेक वेळा सांध्याला आलेली सूज आणि त्याभोवती आखडलेले स्नायू हे असते. अशा वेळी जोर लावला की मूल घाबरते आणि स्नायू आणखी घट्ट आवळून घेते. आधी विश्रांती, डॉक्टरांनी दिलेले सुजेचे औषध आणि मग हळूहळू व्यायाम, असा क्रम ठेवावा. मालिश केल्याने स्नायूंना आराम मिळतो, पण तिने हाडाचा रक्तपुरवठा परत येत नाही, आणि सांध्यावर दाबून केलेली मालिश टाळावी.

दुसरी चूक म्हणजे मुलाला पूर्ण बसवून ठेवणे. पाण्यात शरीराचा भार खुब्यावर पडत नाही आणि पाय मात्र सगळ्या दिशांना फिरतो, म्हणून पोहण्यासारखा व्यायाम नाही. उड्या मारणे आणि पळणे यांवरच बंदी असते. अचानक हालचाल कमी झाली किंवा दुखणे वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून यावे.

प्रतिसाद ६

मी आज सेहेचाळीस वर्षांचा आहे. सातव्या वर्षी मला हा आजार झाला आणि दीड वर्ष दोन्ही मांड्यांना चामड्याचे पट्टे आणि मधे लोखंडी दांडी असा सांगाडा बांधून मी वावरत होतो. पाय फाकलेले राहावेत म्हणून तो होता. वर्गाच्या बाकावर मला नीट बसता येत नसे, म्हणून शिक्षक मला बाकाच्या टोकाला बसवत. त्या दांडीचा सांधा प्रत्येक पावलाला कुरकुरत असे आणि मी येतो आहे हे मला पाहण्याआधीच सगळ्यांना कळत असे. पुढे मोठेपणी वाचनात आले की १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा पट्ट्यांचा ठोस फायदा दिसला नाही आणि त्यांचा वापर हळूहळू कमी झाला. आईवडिलांवर राग नाही, त्या वेळी जे सर्वोत्तम समजले जात होते तेच त्यांनी केले.

माझा गोल थोडा चपटा, अंडाकृती राहिला. स्टलबर्ग यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पाच वर्गांपैकी मी तिसऱ्यात मोडतो, असे मला सांगण्यात आले. पहिल्या दोन वर्गांत, म्हणजे गोल गोलच राहिला तर, पुढे झीज होण्याची चिंता जवळजवळ नसते. तिसऱ्या-चौथ्या वर्गांत गोल चपटा झाला तरी उखळ त्याच्याशी जुळवून घेते आणि झीज झाली तर उतारवयात होते. पाचव्यात दोन्हींचा मेळ बसत नाही आणि पन्नाशीच्या आतच त्रास सुरू होऊ शकतो. लांब चालल्यावर माझी जांघ दुखते आणि पाऊण सेंटिमीटर आखूड असलेल्या पायाच्या बुटात टाच थोडी उंच करून घेतली आहे, इतकेच. नोकरी, प्रवास, संसार यांत काही अडले नाही. पालकांना एवढेच सांगतो की मुलाला आजाराची माहिती त्याच्या भाषेत द्यावी. मला कुणीच काही सांगितले नव्हते, त्यामुळे माझा पाय कधीतरी काढून टाकणार आहेत अशी माझी कित्येक महिने समजूत होती.

प्रतिसाद ७ (प्रतिसाद २ चे डॉक्टर)

वरील प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. धागा वाचून लंगडणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक घाबरतील, म्हणून दोन शब्द जोडतो. लहान मूल अचानक लंगडू लागण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे खुब्याच्या सांध्याला तात्पुरती आलेली सूज, आणि ती एक-दोन आठवड्यांत ओसरते. ती ओसरली नाही किंवा परत परत आली, तर पर्थेसचा विचार करावा. याउलट मुलाला ताप असेल, पाय अजिबात टेकवत नसेल, पाय हलवताच किंचाळत असेल, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते आणि तिथे काही तासांचाही उशीर चालत नाही. दहा-अकरा वर्षांच्या पुढील, विशेषतः वजनदार मुलांत गोल वाढीच्या चकतीवरून घसरण्याचा वेगळा आजार असतो, आणि तोही तातडीचा आहे. दोन्ही खुबे एकाच वेळी आणि एकसारखे बिघडलेले दिसले, तर थायरॉइडची कमतरता किंवा हाडांच्या वाढीचे जन्मजात दोष तपासावे लागतात. सिकलसेलमध्ये आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यानेही गोलाचा रक्तपुरवठा तुटतो, पण त्याला पर्थेस म्हणत नाहीत.

प्रतिसाद ८

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. खेळाच्या तासाला त्याला नुसते बाजूला बसवले की तो रडवेला होत असे. गुण मोजणे आणि शिट्टी वाजवणे ही कामे त्याच्याकडे दिल्यावर फरक पडला. डॉक्टरांकडून काय चालेल आणि काय नाही हे एका कागदावर लिहून आणून वर्गशिक्षकांना द्यावे, नुसते तोंडी सांगू नये. बदली शिक्षक आले की तोंडी सूचना हरवते.

प्रतिसाद ९ (धागाकर्ती)

बाई, हे आम्हाला त्या वेळी सुचले असते तर किती बरे झाले असते. आमच्याकडे असे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा तो शर्यतीत पळून आला, आठवडाभर दुखत राहिले. त्याची चूक नव्हती. सहा वर्षांच्या मुलाला दुखत नसताना पळू नको म्हणून सांगणे किती कठीण आहे, हे ज्यांनी सांगून पाहिले आहे त्यांनाच ठाऊक. आजार दोन-पाच वर्षांचा असला तरी कडक बंधने सहसा सगळी वर्षे नसतात. नवे हाड भरू लागले की डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने सैल करतात. मुलाला 'कायमचे बंद' असे न सांगता 'पुढच्या एक्स-रेपर्यंत बंद' असे सांगावे, तेवढा काळ त्याला दिसतो आणि पेलवतो.

प्रतिसाद १० (प्रतिसाद १ ची आई)

मध्यंतरी बरेच दिवस इथे येता आले नाही. वर सुचवलेले तीन प्रश्न मी लिहून नेले होते. थांबून पाहू म्हणणाऱ्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, गोल बाहेर सरकायला लागल्याचे दाखवले आणि त्यांनी स्वतःच शस्त्रक्रिया सुचवली. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन आज साडेतीन महिने झाले. पहिले सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता, मग वॉकर आला, आता ती एका कुबडीने चालते. चालताना अजून झुकते, पण कोन बदलल्यामुळे स्नायूंना बळ यायला वेळ लागतो आणि प्लेट वर्षभराने काढतील, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे घाबरलो नाही. कालच्या एक्स-रेमध्ये अजून तुकडेच दिसतात, मात्र ते सगळे उखळीच्या कडेच्या आत आहेत. घरातील ज्येष्ठांना मी तोच एक्स-रे दाखवला आणि कड बोटाने दाखवून समजावले.

आपण लिहिलेली मांडी घालण्याची खूण आम्ही धरून ठेवली आहे. दर रविवारी ती मांडी घालून बसते आणि तिचा धाकटा भाऊ तिच्या गुडघ्याखालचे अंतर स्वतःच्या बोटांनी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा मोजले तेव्हा नऊ बोटे होती, गेल्या रविवारी पाच भरली.